रानभूल आणि कधीच न दिसणारी चेटकीण

१९९९ साली प्रदर्शित झालेल्या 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' या चित्रपटाचा विषय निघाला की बहुतेकांना त्याचा शेवट आठवतो: पडक्या घराचे तळघर आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून निश्चल उभा असलेला एक तरुण. मला मात्र त्याच्या बऱ्याच आधी, भरदिवसा घडणारा एक प्रसंग अधिक भयंकर वाटतो. रानात वाट चुकलेले तिघे जण होकायंत्राच्या भरवशावर दिवसभर दक्षिणेकडे चालतात आणि दिवस कलता कलता त्यांच्यासमोर ओढ्यावर आडवा पडलेला एक ओंडका येतो. हाच ओंडका ओलांडून ते आधी पुढे गेलेले असतात. त्या क्षणी पार्श्वसंगीत वाजत नाही, झाडाआडून काही डोकावत नाही, कोणाचा हात कोणाच्या खांद्यावर पडत नाही. जिच्या हट्टापायी ही सगळी भटकंती सुरू झाली ती हेदर, हा तोच ओंडका आहे हे कबूल करायलाच तयार होत नाही, आणि तिच्या त्या नकारातूनच आपल्याला कळून चुकते की आता यांची सुटका नाही.

झपाटलेल्या रानावरचे भयपट मी आवडीने पाहत आले आहे आणि त्यांतले बरेचसे फसलेले आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ते फसतात याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. करणाऱ्यांना भुताची काळजी असते, रानाची नसते. भूत काय, ते वाड्यात ठेवता येते, रुग्णालयात ठेवता येते, गाडीच्या मागच्या आसनावरही बसवता येते. माणसाची दिशा हिरावून घेणे, एका झाडासारखे दुसरे झाड आणि एका चढासारखा दुसरा चढ दाखवून त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडवणे, हे काम मात्र रानाइतके सहजपणे दुसरी कोणतीही जागा करत नाही. ज्या दिग्दर्शकाला हे उमगले त्याला चेटकीण दाखवावी लागत नाही. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ या जोडीने ती अखेरपर्यंत दाखवलेली नाही.

कथा चार ओळींत सांगता येईल अशी आहे. चित्रपटाचे शिक्षण घेणारे तीन विद्यार्थी, हेदर, जॉश आणि माइक, ऑक्टोबर १९९४ मध्ये अमेरिकेतील मेरीलँड राज्यातल्या बर्किट्सव्हिल गावाजवळच्या रानात तिथल्या चेटकिणीच्या दंतकथेवर माहितीपट करण्यासाठी जातात आणि परत येत नाहीत. वर्षभराने त्यांचे चित्रीकरण सापडते आणि आपण जे पाहतो ते म्हणजे तेच चित्रीकरण, अशी मांडणी आहे. गाव खरे आहे, दंतकथा मात्र दिग्दर्शकांनी पूर्णपणे स्वतः रचलेली आहे. तरीही ती इतकी खरी वाटते, कारण चित्रपटाच्या सुरुवातीला गावातले लोक ती अर्धवट, एकमेकांशी न जुळणारी आणि थोडीशी हसण्यावारी नेत सांगतात. खऱ्या गावगप्पा अशाच असतात. कोणीही सगळी हकिकत सलग सांगत नाही.

या चित्रपटाची निर्मिती हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, परंतु तिच्यातला एक भाग इथे सांगितलाच पाहिजे, कारण पडद्यावरचे भय थेट त्यातून आलेले आहे. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये अवघ्या आठ दिवसांत मुख्य चित्रीकरण झाले आणि त्यातले बहुतेक मेरीलँडमधल्याच सेनेका क्रीक या राज्य उद्यानात झाले. हेदर डोनाह्यू, जॉशुआ लेनर्ड आणि मायकेल विल्यम्स या तिघा कलाकारांच्याच हाती कॅमेरे आणि ध्वनिमुद्रणाची सामग्री देऊन त्यांना रानात सोडण्यात आले होते. संवाद लिहिलेले नव्हते. पुढचा मुक्काम कोठे आहे हे त्यांना जीपीएस यंत्रावरून कळे, तिथे पोचल्यावर खाण्यापिण्याच्या वस्तूंबरोबर फिल्मच्या डब्यांत ठेवलेल्या चिठ्ठ्या मिळत, आणि प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी असे. एकाला काय सूचना मिळाली आहे हे दुसऱ्याला ठाऊक नसे. खाणे दिवसेंदिवस कमी केले जाई. रात्री दिग्दर्शक आणि त्यांचे सहकारी अंधारातून येऊन काटक्या मोडत, लहान मुलांचे ध्वनिमुद्रित आवाज वाजवत, तंबू गदागदा हलवत. भूमिकेतून बाहेर यायचे असेल तर 'टाको' हा शब्द उच्चारायचा, असा संकेत मात्र ठरलेला होता.

आता यात क्रौर्य किती आणि कला किती, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या परीने करावा. मला एवढेच दिसते की इथे दिग्दर्शकांनी भूताचे काम केले आणि अभिनय रानाने करवून घेतला. थंडीने ओठ सुकलेली, दोन रात्री नीट न झोपलेली, पोट न भरलेली माणसे जशी बोलतात तशीच ही माणसे बोलतात. ती वाक्ये अर्धवट सोडतात, तेच तेच पुन्हा बोलतात, मध्येच विनाकारण हसत सुटतात. कसलेल्या लेखकाने लिहिलेले संवाद इतके ओबडधोबड झाले नसते आणि म्हणूनच इतके खरेही वाटले नसते. अशा सुमारे २० तासांच्या चित्रीकरणातून पुढे दीड तासाहूनही कमी लांबीचा चित्रपट उभा राहिला, त्यामुळे संकलनाच्या मेजावर झालेले काम रानातल्या कामाहून कमी महत्त्वाचे म्हणता येणार नाही.

तो ओंडक्याचा प्रसंग मुळात अलौकिक आहे की नाही, हेच सांगता येत नाही, आणि त्याची खरी ताकद तिथे आहे. वाट चुकलेला माणूस फिरून त्याच जागी येतो ही समजूत जगभर आहे. चकवा लागणे, रानभूल पडणे या गोष्टी ऐकतच आपण मोठे होतो. जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेच्या ट्यूबिंगेन येथील संशोधकांनी ही समजूत प्रत्यक्ष तपासून पाहिली आणि २००९ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. यान सौमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा जणांना बीनवाल्ट या सपाट, विस्तीर्ण अरण्यात काही तास सरळ चालत राहायला सांगितले आणि जीपीएसने त्यांचा माग ठेवला. आकाश ढगाळ असताना चाललेले चौघेही वर्तुळे घेत राहिले. त्यांपैकी तिघांनी तर आपलीच आधीची वाट पुनःपुन्हा ओलांडली आणि त्यांना त्याचा पत्ताही लागला नाही. ज्या दोघांना सूर्य दिसत होता ते मात्र जवळजवळ सरळ रेषेत गेले. एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड किंवा दुबळा असल्यामुळे असे होते, हे जुने स्पष्टीकरणही या प्रयोगमालेत टिकले नाही. दिशेच्या अंदाजातल्या लहानलहान चुका साठत जातात आणि बाहेरची खूण नसेल तर 'सरळ' म्हणजे काय हेच मनातून हळूहळू सरकत जाते, असे त्यांना आढळले.

चित्रपटातल्या तिघांच्या हाती होकायंत्र असते, त्यामुळे हे शास्त्रीय स्पष्टीकरण त्यांना पुरते लागू पडत नाही. नेमक्या त्या उरलेल्या फटीतून चेटकीण आत येते. यांनी होकायंत्र चुकीचे वाचले असेल, ओंडका दुसराच असेल, की रानच यांच्याभोवती फिरले असेल? चित्रपट उत्तर देत नाही आणि विचारणारे पात्रही कोणी नाही, कारण ती तिघेही तोवर एकमेकांवर ओरडण्यात गुंतलेली असतात.

त्या भांडणांबद्दल बरीच तक्रार ऐकू येते. ही पोरे नुसती किंचाळतात, घडत काहीच नाही, असे म्हणणारे प्रेक्षक पहिल्या दिवसापासून आहेत आणि त्यांचे म्हणणे मी अगदीच धुडकावून लावणार नाही, कारण मधला काही भाग खरोखर रेंगाळतो. परंतु नकाशाचा प्रसंग पाहावा. नकाशा नाहीसा होतो, प्रत्येक जण दुसऱ्यावर संशय घेतो, आणि पुढे माइक हसत हसत सांगतो की तो निरुपयोगी कागद आपणच ओढ्यात लाथाडला. त्याचे ते हसणे ऐकवत नाही. नकाशा चेटकिणीने पळवला असता तर ती एक सरधोपट युक्ती झाली असती. इथे रानाने एका समंजस माणसाला अशा थराला आणले आहे की त्याने आपल्या हातांनी आपली सुटकेची वाट बुडवली आणि वर त्याला त्याचे हसू आले. याच हेदरने सुरुवातीला, आजच्या अमेरिकेत हरवणे किती अवघड आहे, अशा अर्थाचे विधान मोठ्या आत्मविश्वासाने केलेले असते. ज्या उद्यानात हे चित्रीकरण झाले ते वॉशिंग्टन शहराच्या उपनगरांना लागून आहे, हे कळल्यावर त्या विधानाला एक वेगळीच धार येते. अफाट, आदिम, माणसाचे पाऊल न पडलेले असे ते अरण्य नाहीच. पानगळीतली किरकोळ बुंध्यांची झाडे, पायाखाली पाचोळा, मधून वाहणारा ओढा, एवढ्याच भांडवलावर सगळा खेळ आहे.

रात्रीच्या प्रसंगांत तर तेवढेही दिसत नाही. पडदा कित्येकदा पूर्ण काळा असतो आणि लांबवर काटकी मोडल्याचा आवाज येतो, मग दुसऱ्या बाजूने, मग थोडा अधिक जवळून. कॅमेऱ्याचा दिवा लावला तर हातभर अंतरावरची पाने उजळतात आणि त्यापलीकडचा अंधार अधिकच दाट होतो. हा साधा भौतिक अनुभव, म्हणजे उजेड केल्याने आपणच उघडे पडतो आणि समोरचे काहीच कळत नाही, इतक्या प्रामाणिकपणे मी दुसऱ्या चित्रपटात क्वचितच पाहिला आहे. सकाळी तंबूबाहेर दगडांच्या लहान राशी रचलेल्या सापडतात. पुढे झाडांना टांगलेल्या, काटक्या बांधून केलेल्या मनुष्याकृती दिसतात. या वस्तूंना मोल नाही, त्या बनवायला जादूही लागत नाही, कोणीही रिकामटेकडा त्या करू शकेल. पण रात्रभर इतक्या जवळ बसून त्या कोणी तरी केल्या, हा विचार पुरेसा असतो.

शेवटाविषयी एक तपशील सांगण्यासारखा आहे. सुरुवातीच्या प्रेक्षकांना माइक भिंतीकडे तोंड करून का उभा आहे, हे कळेना, म्हणून वितरकांनी दुसरा शेवट करून पाहायला सांगितले. दिग्दर्शकांनी पर्यायी शेवट चित्रित केले खरे, परंतु अखेरीस मूळचाच ठेवला आणि त्याऐवजी सुरुवातीच्या मुलाखतींत एक माहिती वाढवली: लहान मुलांना मारणारा रस्टिन पार हा एकांतवासी माणूस एका मुलाला मारताना दुसऱ्याला कोपऱ्यात तोंड करून उभे करत असे. हा निर्णय मला अतिशय शहाणपणाचा वाटतो. शेवटी स्पष्टीकरण देण्याऐवजी ते तासभर आधी, कोणाचे फारसे लक्ष नसताना, एका गावकऱ्याच्या तोंडी पेरून ठेवले, आणि उकल करण्याचे काम प्रेक्षकाच्या स्मरणशक्तीवर सोडले. त्या अखेरच्या मिनिटांत ध्वनीचीही एक विलक्षण गंमत आहे. तळघराकडे धावणारी हेदर कृष्णधवल १६ मिलिमीटर कॅमेऱ्यातून पाहत असते, पण आवाज येतो तो माइकजवळच्या, आधीच खाली पडलेल्या व्हिडिओ कॅमेऱ्यातून. त्यामुळे आपण तिच्या डोळ्यांनी पाहतो आणि तिच्या किंकाळ्या मात्र दुरून ऐकतो, त्या जिना उतरत आपल्याकडे येतात. डोळे एकीकडे आणि कान दुसरीकडे, अशी ही फारकत पहिल्यांदा पाहताना लक्षातही येत नाही, फक्त काहीतरी भलतेच बिघडले आहे एवढे जाणवते.

रानाचा वेगळ्या रीतीने उपयोग करणारे चित्रपट नाहीत असे नाही. सॅम रेमीच्या १९८१ च्या 'द इव्हिल डेड'मध्ये कॅमेरा लाकडी फळीच्या मध्यभागी बसवून, फळीची दोन टोके धरून दोघे जण झाडीतून धावले, आणि त्यातून जमिनीलगत सुसाट येणारी अदृश्य शक्तीची नजर तयार झाली. तिथे रान पाहते आणि माणसे पाहिली जातात. ही कल्पना अव्वल आहे, मात्र पुढे झाडांच्या फांद्यांकरवी एका तरुणीवर जो अत्याचार दाखवला आहे तो मला तेव्हाही किळसवाणा वाटला आणि आजही वाटतो. रॉबर्ट एगर्सचा २०१५ चा 'द विच' माझ्या वर सांगितलेल्या मताला चांगलाच धक्का देतो, कारण त्यात चेटकीण सुरुवातीलाच दिसते आणि तरीही रानाचा दरारा ओसरत नाही. सतराव्या शतकातल्या न्यू इंग्लंडमध्ये, वस्तीतून बाहेर घालवलेले एक धर्मनिष्ठ कुटुंब अरण्याच्या कडेला शेती करून राहते, तान्हे मूल डोळ्यांदेखत नाहीसे होते, मका किडतो, आणि घरातली माणसे एकमेकांना पापी ठरवू लागतात. इथे कोणी रानात फारसे खोल जात नाही. भय आहे ते त्या कडेचे, शेताच्या टोकाशी भिंतीसारख्या उभ्या झाडांच्या ओळीचे. छायाचित्रकार जॅरिन ब्लाश्के यांनी नेहमीच्या रुंद चौकटीऐवजी १.६६ : १ हे अरुंद प्रमाण वापरले असल्यामुळे ती झाडे माणसांच्या डोक्यावर आणखीच उंच जातात.

याउलट २०१६ चा 'द फॉरेस्ट'. त्याच्या हाताशी आओकिगाहारा होते, म्हणजे फुजी पर्वताच्या वायव्य पायथ्याशी, सन ८६४ च्या उद्रेकातून आलेल्या लाव्हावर उगवलेले जपानचे प्रसिद्ध अरण्य. लाव्हाच्या कठीण थरात मुळे शिरू शकत नाहीत म्हणून ती जमिनीवरच गुंतागुंतीने पसरतात. सच्छिद्र खडक आणि दाट झाडी आवाज शोषून घेतात. खडकावर ठेवलेल्या होकायंत्राची सुई ढळते, हातात उंच धरले की पुन्हा ठीक चालते. रानभुलीच्या चित्रपटाला याहून सरस जागा मिळणे कठीण. चित्रपटाने मात्र त्या ठिकाणाशी जोडल्या गेलेल्या आत्महत्यांच्या दुःखाचा उपयोग प्रेक्षकाला दचकवण्यासाठी केला, जे मला अजिबात पटलेले नाही. शिवाय त्याचे रानातले बहुतेक चित्रीकरण सर्बियात झाले, त्यामुळे ती अंगावर येणारी मुळे आणि ती कोंडलेली शांतता पडद्यावर आलीच नाही. झाडाआडून चेहरे तेवढे येत राहतात.

मूळ चित्रपटाचा पुढचा भाग म्हणून २०१६ मध्ये ॲडम विंगार्डने 'ब्लेअर विच' केला. त्यातल्या मंडळींजवळ ड्रोन आहे, जीपीएस आहे, कानांवर बसवलेले कॅमेरे आहेत, आणि तरीही ती हरवतात. सकाळचे सात वाजून गेले तरी सूर्य उगवत नाही, ही त्यातली कल्पना मला मनापासून आवडली, कारण दिशेनंतर काळ हिरावून घेणे ही त्याच विचाराची पुढची पायरी आहे. मग दिग्दर्शकाचा धीर सुटतो आणि लांबलचक हातापायांची एक आकृती झाडीतून फिरू लागते. आकृतीला उंची असते, वेग असतो, तिच्यापासून पळता येते. म्हणजे पुन्हा पाठलागच.

पहिल्या चित्रपटाच्या यशाची एक बाजू मात्र नीट सांगितली जात नाही. काही हजार डॉलरांत चित्रित झालेल्या या चित्रपटाने जगभरात सुमारे २४ कोटी ८० लाख डॉलरांची कमाई केली. पात्रांना कलाकारांचीच खरी नावे दिलेली होती, जाहिरातीत त्यांना बेपत्ता म्हटले गेले, आणि हा बनाव टिकावा म्हणून त्यांना प्रसिद्धीपासून दूर ठेवण्यात आले. हेदर डोनाह्यूच्या आईला लोकांची सांत्वनपत्रेही आली. २०२४ मध्ये या तिघांनी आपल्याला रास्त मोबदला मिळावा अशी जाहीर मागणी केली. ज्यांनी स्वतः कॅमेरा धरला, स्वतः संवाद रचले आणि उपाशीपोटी रात्री काढल्या, त्यांना नुसते कलाकार म्हणणेदेखील अपुरे आहे, त्यामुळे ही मागणी मला पूर्णपणे न्याय्य वाटते.

ज्यांनी हा चित्रपट अजून पाहिलेला नाही त्यांना एवढेच सुचवेन की तो मोठ्या पडद्यावर पाहण्याचा अट्टहास धरू नये. चित्रपटगृहात त्या हलत्या कॅमेऱ्याने अनेकांना मळमळले होते, आणि निम्मा चित्रपट तसाही व्हिडिओ कॅमेऱ्यावरच चित्रित झालेला असल्यामुळे घरातल्या लहान पडद्यावर तो काही गमावत नाही. कानांना चांगले हेडफोन मात्र असावेत. सुरुवातीच्या गावकऱ्यांच्या मुलाखती कंटाळून पुढे ढकलू नयेत, आणि तिघे गाडी रस्त्याच्या कडेला लावून रानात शिरतात तेव्हा ती गाडी एकदा नीट पाहून घ्यावी.